कारणाच्या रकान्यात काय लिहू?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा रजेचा अर्ज वाचला. सहा ओळींच्या अर्जात तीन वेळा 'सॉरी' आहे, आणि शेवटी 'गरज पडल्यास रजेच्या काळातही कामावर हजर राहीन' अशी हमी. कंपनीचं काहीतरी मोडलंस आणि भरून देण्याचं लिहून देते आहेस, असं वाटलं. त्याखाली मला विचारलंयस : "सर, कारणाच्या रकान्यात काय लिहू? कुठं जायचं नाहीये. आठ दिवस घरी राहायचंय, सकाळी रंकाळ्यावर एक चक्कर, दुपारी झोप. असं लिहिलं तर हसतील. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लिहू का?"

आजीला यात ओढू नकोस. माझी सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीत गेली, आधी टाइम ऑफिसात आणि पुढं त्याच खोलीच्या दारावर एचआरची पाटी लागल्यावर तिथंच. रजेचे अर्ज पोत्यानं पाहिलेत. एकाच माणसाची एकच आजी दोन-दोनदा वारलेली कागदोपत्री पाहिली आहे. एकदा गणपतीच्या तोंडावर, एकदा लग्नसराईत. सुपरवायझर हसायचे, मीही हसायचो, पण त्या माणसाला खोटारडा म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. त्याला आठ दिवस पाहिजे होते. नुसते 'पाहिजेत' म्हटल्यावर मिळतील याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यानं घरातलं एक माणूस मारलं. खोटं लिहिलं त्यानं. ते लिहायची जागा मात्र कंपनीनं छापून दिली होती.

आपल्याकडं कुठली कारणं विनाप्रश्न चालतात ते जरा बघ. पाऊस लागला आणि भाताची लावणी आली की करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडची पोरं खाडे करणार, हे प्रत्येक फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, सुपरवायझरला तोंडपाठ असतं. "लावणी हाय, चार दिवस येत न्हाई," एवढा निरोप शेजारच्याजवळ दिला की झालं. त्यात लाज नाही, माफी नाही. चैत्रात जोतिबाची यात्रा, मग गावची म्हाई, म्हणजे जत्रा. उसाला तोड मिळाली तर ते दिवस. लग्न घरचंच असायला पाहिजे असं नाही, भावकीतलंही चालतं. दवाखाना चालतो, मयत चालते.

आता ही सगळी कारणं शेजारी शेजारी मांडून बघ. लावणीत माणूस दिवसभर चिखलात वाकलेला असतो. म्हाईला पै-पाहुण्यांच्या पंगती उठवायच्या असतात. दवाखान्यात रात्रभर स्टुलावर बसायचं असतं. म्हणजे एका कामातून सुटका मिळते ती दुसरं काम अंगावर असेल तरच. हाताला काही नसताना कारखाना सोडणं आपल्या हिशेबातच बसत नाही. शेतकऱ्याच्या घरात दिवसा आडवं झालेलं माणूस आजारी तरी असायला पाहिजे, नाहीतर आळशी. तुला जो अपराधीपणा वाटतोय तो मॅनेजरनं दिलेला नाही, तू तो घरून डब्याबरोबर घेऊन आलीस. मॅनेजर त्याचा फक्त उपयोग करून घेतो. आणि खरं सांगू, बऱ्याचदा त्यालाही ते कळत नसतं, कारण तोसुद्धा तसल्याच घरातून आलेला असतो आणि त्याचीही दोन-दोन वर्षांची रजा तशीच पडलेली असते.

त्यात तू मुलगी. मुलानं रजा घेतली की तो दहा वाजेपर्यंत झोपतो, फार तर आई दोनदा ओरडते. मुलीची रजा जाहीर झाली की घरात यादी तयार होते. माळा झाडायचा आहे, आत्याकडं गारगोटीला जाऊन यायचं आहे, बाबांचं बँकेतलं केवायसी राहिलंय, कुरडया घालायच्या आहेत. बायकांच्या रजेच्या कार्डांवर मी वर्षानुवर्षं हेच पाहिलं : शिल्लक शून्य आणि चेहरा होता तसाच ओढलेला. तेव्हा अर्ज एकच करून भागणार नाही. घरीही सांगून ठेवावं लागेल की हे आठ दिवस वाटून देण्यासाठी काढलेले नाहीत. मॅनेजरपुढं बोलण्यापेक्षा आईपुढं हे बोलणं जड जाईल. तरी बोल. तिला वाईट वाटलं तर एका दिवशी कुरडया घाल तिच्याबरोबर, पण एकाच.

आता कायद्याचं. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तरतूद अशी होती की कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढच्या वर्षी, केलेल्या कामाच्या दर २० दिवसांमागं एक दिवस पगारी रजा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात २४० ची अट १८० वर आली, २० ला एक हे प्रमाण तेच राहिलं. तुझ्यासारख्या इंजिनीअरनं नेमणूकपत्र आणि कंपनीची रजेची नियमावलीही काढून वाचावी, कारण देखरेखीचं काम आणि पगार यांवरून कायद्याच्या लेखी कामगार कोण आणि कोण नाही हे ठरतं. तुझ्या मैत्रिणी राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत ऑफिसांत आहेत, त्यांना दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा राज्याचा कायदा. त्यात ८ दिवस किरकोळ रजा वेगळी, आणि २० ला एक तिथंही आहेच.

या '२० ला एक'कडं नीट बघ. यात कारण कुठंच नाही. तू २० दिवस पंच केलंस की एक दिवस तुझ्या नावावर पडला. तो तुझ्या मजुरीतलाच भाग आहे. पगार दर महिन्याला हातात येतो आणि हा भाग कार्डावर साठत राहतो, इतकाच फरक. सात तारखेला अकाउंट्समध्ये जाऊन 'सॉरी, पगार घेतेय' असं म्हणतेस का?

आणि हे कुणी आपण होऊन दिलेलं नाही. साधा रविवार घे. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून ती मागितली. मालकांनी मान्य करायला १८९० चा जून उजाडला. एका दिवसासाठी सहा वर्षं. त्या वेळी रविवार हा खंडोबाचा वार आहे, समाजाच्या कामालाही एक दिवस मोकळा हवा, अशी कारणं पुढं केली होती असं सांगतात. चौदा-चौदा तास राबणाऱ्या माणसाला दमलोय एवढं म्हणून भागत नव्हतं. कारणाचा रकाना तेव्हाही होताच म्हणायचा, आणि लोखंड्यांनासुद्धा तो भरावा लागला.

तुला वाटेल, आता सर सांगणार की विश्रांती घेतलीस की काम दुप्पट होतं. एचआरच्या ट्रेनिंगला आलेले वक्ते फर्नेसच्या लायनिंगचा, म्हणजे भट्टीच्या आतल्या अस्तराचा, दाखला देतात. लायनिंग झिजलं की भट्टी थांबवून ते नवं ठोकावंच लागतं, नाहीतर वितळलेलं लोखंड कॉइलपर्यंत जातं, माणसाचंही तसंच, वगैरे. समोर बसलेले भट्टीवाले माना डोलावतात. मला हा दाखला कधीच पटला नाही. भट्टी थांबवतात ती पुढच्या हीट (हीट म्हणजे एका वेळचं वितळलेलं लोखंड) काढायला. तुझी दुपारची झोप पुढच्या महिन्याच्या रिजेक्शनच्या आकड्याला जोडायची काही गरज नाही. त्या झोपेनं काम सुधारलं तर सुधारलं. नाही सुधारलं, तरी ती तुझीच.

तब्येतीचं मात्र थट्टेवारी नेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तुझी जनरल शिफ्ट साडेआठला सुरू होते, आणि तूच सांगितलंस की साडेसातच्या आधी तू गेटबाहेर पडत नाहीस. सहा दिवसांचे ६६ तास झाले. मोठ्या कंपन्यांचे साहेब आठवड्याला ७० तास, ९० तास असं बोलले की टीव्हीवर दोन दिवस वाद रंगतो. तुम्ही शिरोलीत न बोलता ६६ करताय.

आता तुला ऐकवतात ते वाक्य, "तुझ्याशिवाय स्पेक्ट्रो कोण बघणार?" स्पेक्ट्रो म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणारं यंत्र, ते तुझ्या हातात. हे ऐकून तुला बरंही वाटतं, ते माझ्यापासून लपवू नकोस. दोन वर्षांत कुणी आपल्यावाचून अडतंय हे ऐकायला मिळणं सोपं नाही, त्यातून फौंड्रीत, त्यातून मुलीला. पण तुमच्या क्वालिटीच्या भिंतीवर स्किल मॅट्रिक्सचा, कुणाला कुठलं काम किती येतं त्याचा, तक्ता आहे ना? पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण भरलेली वर्तुळं. ऑडिटच्या आदल्या रात्री ती मार्करनं कशी भरतात हे सगळ्या एमआयडीसीला माहीत आहे. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात आपत्कालीन नियोजनाचं कलम आहे. महत्त्वाचं मशीन बंद पडणं, वीजपुरवठा तुटणं, आग, वारंवार येणारी नैसर्गिक आपत्ती यांच्या रांगेत तिथं मनुष्यबळाची टंचाईसुद्धा लिहिलेली आहे. ती फाइल ऑडिटरपुढं तूच उघडतेस. एक मुलगी आठ दिवस आली नाही म्हणून डिस्पॅच अडणार असेल तर फाइलमध्ये खोटं लिहिलंय, आणि त्याचं ओझं ज्यानं सही केली त्यानं उचलावं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, शिरोलीचा रस्ता बंद झाला. अलीकडची माणसं अलीकडं, पलीकडची पलीकडं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हा तू शिकत होतीस. पाणी उतरल्यावर जी मोजकी माणसं आत पोचली त्यांतल्या ज्यांना दोन-दोन कामं येत होती त्यांच्या जोरावर पहिली हीट निघाली. मेल्टिंगमधल्या एकानं स्पेक्ट्रोवर सॅम्पल मारलं, कारण कधीतरी दुपारच्या रिकाम्या वेळात त्याला कुणीतरी ते दाखवून ठेवलं होतं. कस्टमरनं माल कधी निघणार एवढंच विचारलं. अमुक माणूस आला का, असं विचारल्याचं मला आठवत नाही.

म्हणून रजेच्या आधी एकच काम मन लावून कर, एक हात तयार कर. तीन आठवडे आधी सुरुवात कर, आणि ज्याला शिकवशील त्याला नुसतं बघायला उभं करू नकोस, त्याच्या हातानं करून घे. चिल सॅम्पल (झटकन गोठवलेला धातूचा नमुना) कसं घासायचं, यंत्राचं माप जुळवायचं स्टँडर्डायझेशन कधी करायचं, कुठल्या ग्रेडला कुठल्या मर्यादा, एसजी आयर्न जातीच्या बिडात मॅग्नेशियम कमी दिसलं तर ते साचे बाजूला काढायला कुणाला सांगायचं आणि तो ऐकेना तर पुढं कुणाला. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण यंत्र शिकायला चार दिवस लागतात आणि मेल्टिंगच्या इन्चार्जला 'नाही' म्हणायला कितीतरी जास्त. हे सगळं वहीत लिहून दे. व्हॉट्सअॅपवर नको, तिथं ते गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं.

त्याला सगळं आलं तर माझी किंमत काय राहिली, अशी भीती मनात येईल. येते सगळ्यांना. आमच्याकडं एक पॅटर्नमेकर होते, हातात जादू, पण कुणाला जवळ उभं राहू द्यायचे नाहीत. त्यांना बढती द्यायचा विषय निघाला की प्रत्येक वेळी एकच अडचण निघायची : यांना इथून हलवलं तर इथलं कोण बघणार? निवृत्तीपर्यंत त्याच टेबलावर राहिले. रजासुद्धा मिळायची नाही त्यांना, त्याच कारणानं.

मॅनेजर नाही म्हणाला तर तो दरवेळी दुष्ट असतो असं मानू नकोस. कस्टमर ऑडिटचा आठवडा, नव्या पार्टचं पीपीएपी (कस्टमरची मंजुरी), मार्चअखेर, या तारखा तू आपण होऊन टाळ. त्यातल्या त्यात मोकळा आठवडा तुलाच माहीत असतो, प्रॉडक्शनचं शेड्यूल तुझ्या टेबलावरूनच जातं. पण 'आत्ता नको' असं ऐकलंस की तिथंच 'मग कधी?' असं विचार आणि त्याच्यासमोर तारीख लिहून घे. तारीख न देता नुसतं 'बघू' म्हणणारा माणूस नाही म्हणतोय, हे मी खुर्चीच्या पलीकडच्या बाजूनं सांगतोय.

अर्ज लेखी दे. चहाच्या टपरीवर साहेबांच्या कानावर घातलेली रजा म्हणजे रजा नव्हे. जुन्या अधिनियमात १५ दिवस आधी लेखी अर्ज करायचा असं होतं, तीच सवय चांगली. शिवाय त्याला एक व्यावहारिक बाजू आहे. पुढच्या वर्षात नेता येणाऱ्या रजेला ३० दिवसांची मर्यादा असते, पण मागूनही नाकारलेली रजा त्या मर्यादेत धरत नाहीत. तुझ्या कार्डावर २८ दिवस पडलेत असं म्हणालीस. मागितल्याचा कागदच नसेल तर नाकारल्याचं तरी कशावरून दाखवणार? मेल कर किंवा अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घे. पोच मागणं म्हणजे भांडण नव्हे. गेटवर चलनावर शिक्का घेतोच की आपण.

मी तुझ्या जागी असतो तर अर्ज असा केला असता : 'दिनांक अमुक ते अमुक, माझ्या शिल्लक पगारी रजेतून सहा दिवस रजा मंजूर व्हावी, ही विनंती. या काळात स्पेक्ट्रो आणि इनकमिंग इन्स्पेक्शनचं काम अमुक पाहतील. त्यांना प्रशिक्षण दिलं आहे, सूचना लिहून ठेवल्या आहेत.' कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक'. साप्ताहिक सुट्या दोन्ही टोकांना जोडून घेतल्यास की तुझे आठ दिवस भरतात. 'सॉरी' तिन्ही काढून टाक. 'रजेच्या काळातही हजर राहीन' ते वाक्य तर आधी काढ, कारण असं लिहून दिलेलं कंपन्या विसरत नाहीत. साहेबांनी तोंडी विचारलं, "काय विशेष?" तर "विशेष काही नाही सर, घरीच आहे," म्हण आणि थांब. पुढं बोलायचा मोह होईल. तिथंच माणसं आजीला आणतात.

सहकारी टोमणे मारणार. "काय मॅडम, मजा आहे एका माणसाची!" माझ्या पाहण्यात असं म्हणणाऱ्यांतले निम्मे तरी असे असतात ज्यांना स्वतःला विचारायचं धाडस झालेलं नसतं. "तुम्हीपण टाका की अर्ज," एवढं म्हणून सोडून दे. त्यातला एखादा खरंच टाकतो. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस जाईल म्हणून कुणी घाबरवेल. ती बक्षिसं मी स्वतः वाटलीत. एका वर्षी स्टीलचा डबा होता, दुसऱ्या वर्षी कॅसरोल.

रजा साठवली तर शेवटी पैसे होतात, असं तुझे पप्पा म्हणतील. ते सरकारी नोकरीतले, तिथं ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीला त्याचे पैसे होतात. खासगीतही अशा पैशाची निवृत्तीच्या वेळची करमुक्त मर्यादा २०२३ मध्ये ३ लाखांवरून २५ लाख झाली. चांगलंच झालं. पण तू चोविशीत आहेस, आणि कार्डावरचे दिवस चौतीस वर्षं सांभाळायची सोय तुमच्याकडं नाही. पप्पांचा हिशेब त्यांच्या नोकरीपुरता बरोबर आहे.

फोनचं काय करायचं? फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडं सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, कायदा काही झाला नाही. तोवर आपली आपणच सोय करायची. प्लँटचे ग्रुप म्यूट कर. ज्याला शिकवलंस त्यालाच तुला फोन करायची मुभा दे, आणि तीही कस्टमरची लाइन थांबायची वेळ आली तरच. त्याचा फोन आलाच तर उत्तर सांगू नकोस, वहीतलं पान सांग. पहिल्या दोन दिवसांत तीनेक फोन येतील. पुढं येत नाहीत. ते न आल्याचंही वाईट वाटतं बरं का, आधीच सांगून ठेवतो.

आता तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य, जे वाचून मी थांबलो. "फेटलिंगमधल्या कंत्राटी पोरांना एक दिवससुद्धा मिळत नाही सर, आणि मी आठ दिवस झोपणार." बाकीचा अपराधीपणा सोडून दे असं मी म्हणेन, हा मात्र सोडू नकोस. फक्त त्याचं काय करायचं ते वेगळं आहे. तू रजा घेतली नाहीस म्हणून त्यांतल्या एकालाही ती मिळणार नाही. दिवसभर ग्राइंडरपुढं ओतीव माल घासत, धुळीत, कानात बोळा घालून उभं राहणाऱ्या त्या पोराला तू तुझे आठ दिवस वाया घालवलेस हे कळणारसुद्धा नाही.

कंत्राटदारामार्फत आलेला असला तरी कारखान्यातला तो कामगारच आहे आणि २० ला एक त्यालाही लागू आहे. गोम अशी की सात-साडेसात महिने झाले की कंत्राटदार त्याला ब्रेक देतो, चार-आठ दिवसांनी दुसऱ्या फर्मच्या नावानं पुन्हा घेतो. गेट तेच, ग्राइंडर तोच, कागदावर माणूस नवा. मग २४० कधीच भरत नाहीत. १८० झाल्यामुळं ही पळवाट अरुंद झाली आहे, बुजली नाही. पण एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. जुन्या अधिनियमातही असं होतं की काम सुटलं किंवा सोडलं तर तोवर केलेल्या दिवसांमागं त्याच प्रमाणात रजेचा पगार द्यायचा, मग २४० भरलेले असोत की नसोत. म्हणजे दर ब्रेकला त्या पोरांचे दहा-एक दिवसांचे पैसे निघतात. ते कुणी मागत नाही, म्हणून कुणी देत नाही.

तर रजेवरून परत आलीस की त्यांतल्या एखाद्याला, जो जरा बोलका असेल त्याला, बाजूला घेऊन विचार की गेटपास, पगाराच्या स्लिपा, पीएफचे मेसेज यांतलं काय काय त्याच्याकडं आहे. मोबाइलवर फोटो काढून महिन्यांप्रमाणे लाव. त्याचं नाव कुठं बोलू नकोस, तुझं स्वतःचंही पुढं करू नकोस. दोन वर्षांच्या नोकरीवाल्या मुलीनं हे अंगावर घ्यायचं नसतं, त्याला आमच्यासारखे रिकामे म्हातारे आहेत. कागद मला आणून दे. गुरुवारी अकरानंतर मी उद्यमनगरात मित्राच्या ऑफिसात असतो, कामगार कोर्टात उभा राहिलेला एक वकील तिथंच चहाला येतो. घाईचं काही नाही, आधी तुझे आठ दिवस होऊ देत.

तुझे सर